पहिला चहा घरधन्याच्या हातचा

आमच्या मॅडम कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चहाला नाही म्हणायच्या नाहीत, पण बाईच्या हातचा घ्यायच्याही नाहीत. "पहिला चहा घरधन्याच्या हातचा," असं उंबऱ्यातच जाहीर करायच्या आणि खुर्चीत अशा बसायच्या, की चहा आल्याशिवाय आता ह्या काही हलत नाहीत हे घरातल्या मांजरालाही कळावं. दुसऱ्या वेळेपासून कुणीही करा, त्यांची तक्रार नसे. पण पहिला म्हणजे पहिला. त्यामुळं कॉलेजातली बरीच मंडळी त्यांना घरी बोलवायची टाळायची. एका सरांनी म्हणे आधीच थर्मास भरून ठेवला होता. "मॅडम, मीच केलाय," असं छाती पुढं काढून म्हणाले. मॅडमनी एवढंच विचारलं, "गाळणी कुठं ठेवलीत?" सरांनी सगळा ओटा धुंडाळला, पण गाळणी काही सापडली नाही. सरांच्या बायकोनं ही गोष्ट पुढं वर्षभर सगळ्या गल्लीला सांगितली.

मी या मॅडमकडं स्त्री अभ्यास शिकले. फार थोर हेतूनं शिकले असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं कारण असं की तो तास अकराला असायचा आणि फुलंब्रीहून निघालेली आमची एसटी साडेदहाच्या पुढंमागं शहरात पोचायची. दुसरे ऐच्छिक विषय दहालाच सुरू होत. बसच्या वेळापत्रकानं मला स्त्रीवादी केलं म्हणा ना.

घरी विषय सांगितला तेव्हा आप्पांनी पेपर खाली ठेवला. आमच्या आप्पांची पिठाची गिरणी. दिवसभर पट्ट्याच्या घरघरीत बसल्यामुळं त्यांना साधं बोलायची सवयच नव्हती, सगळं मोठ्यानं.

"बायांचा अभ्यास? अगं, बाई असून बाईचा कसला अभ्यास करती? माशाला पोहायचा क्लास लावायचा का?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "शिवणकाम असंल. शिकू द्या की." आणि पुढं बरेच दिवस, मी आता तिचं पोलकं कधी शिवून देते याची ती वाट बघत होती.

आमचा वर्ग कॉलेजच्या अगदी टोकाला, सायकल स्टँडला लागून होता. आधी ती खेळाच्या सामानाची खोली होती. कोपऱ्यात फाटकी व्हॉलीबॉलची जाळी आणि एक पाय मोडलेला कॅरम तसाच पडून होता. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. त्या त्याच कॅरमवर पर्स ठेवायच्या. पर्स म्हणजे नुसती नावाला, कारण मॅडमचा सगळा संसार खिशात असायचा.

हो, खिशात. मॅडमच्या प्रत्येक ब्लाउजला शर्टासारखा खिसा होता. सुती साडी, वर ढगळ ब्लाउज आणि त्याला डावीकडं खिसा. त्यात पेन, चष्मा, किल्ली आणि बडीशेपेची चपटी डबी. पहिल्यांदा बघणारा हसायचाच. मॅडम मात्र गंभीरपणे सांगायच्या, "ज्या कपड्याला खिसा नाही तो कपडा नव्हे, नुसतं गुंडाळणं. बाईला खिसा दिला की तिला हात मोकळे मिळतात. आणि हात मोकळे मिळाले की बाई काय करील याचा नेम नाही, म्हणून देत नाहीत." मग डबी काढून स्वतःच चिमूटभर बडीशेप खायच्या.

त्यांचे आजोबा निजामाच्या काळात कुठल्याशा कचेरीत कारकून होते. घर भटाबामणांचं, पण बोलण्यात उर्दू अशी मुरलेली की मॅडम रागावल्या की आधी उर्दू यायची आणि मग मराठी. "फजूल बोलू नका, पाहिलेलं सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्गात कुणी पुस्तकातलं घडाघडा म्हणायला लागलं, समाजव्यवस्था नि शोषण नि काय काय, की मॅडम हात वर करायच्या. "फजूल! काल रात्री तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवलं? तेव्हा पातेल्यात काय उरलं होतं? ते सांगा."

पहिल्या दिवशी पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी कोण जेवलं ते सगळ्यांना माहीत होतं, आईच. पण काय उरलं होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. मी त्या रात्री मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळले. आईनं भाकरीचा पापुद्रा आणि आमटीचं नुसतं पाणी घेतलं. मला पाहून म्हणाली, "काय गं, भूक लागली का परत?" आणि तोही पापुद्रा माझ्यापुढं केला. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगताना पुन्हा आलं. मॅडमनी काही पाठ थोपटली नाही. त्यांनी डबी पुढं केली. ती बडीशेप म्हणजे आमच्या वर्गातलं सुवर्णपदक होतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. आणि त्याच वर्षांत शहर असं फुगत चाललं होतं की बसच्या खिडकीतून रोज नवीन काहीतरी दिसायचं. काल ज्या शेतात नांगरट होती तिथं आज प्लॉट पाडलेले, चुन्याच्या रेघा ओढलेल्या. आणि वर भलीमोठी होर्डिंगं. निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र, आणि त्याच होर्डिंगच्या सावलीत रिकामे हंडे घेऊन बसलेल्या बाया. मॅडमनी एकदा अभ्यास दिला, "येताजाता होर्डिंगं बघा. फ्लॅटची चावी कुणाच्या हातात आहे, आणि बाईच्या हातात काय आहे?" आम्ही आठवडाभर माना वाकड्या करकरून बघितलं. चावी सगळीकडं बाप्याच्या हातात होती. बाईच्या हातात ट्रे नाहीतर मूल.

पुढं मॅडमनी स्वतः चिकलठाण्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. त्या एकट्याच होत्या. लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, "वेळ मिळाला नाही." चावी घ्यायला सोबत भाऊ होता, तर बिल्डरनं सवयीनं चावी भावाच्या हातात दिली. मॅडमनी ती भावाकडून परत करवली आणि बिल्डरला पुन्हा, नीट, आपल्या हातात द्यायला लावली. मग ती खिशात टाकली, वरून एकदा चाचपली, तेव्हा कुठं पेढा खाल्ला.

वाटेल ते करायची तयारी, पण स्वतःची चूकही चारचौघांत सांगायची. आमच्या वर्गात नसरीन होती, शहागंजातली. तिचे अब्बा शिंपी आणि मॅडमचे खिसेवाले ब्लाउज तेच शिवायचे. दर वेळी म्हणायचे, "मॅडम, जेब नक्को, फिटिंग बिगडतीय." आणि दर वेळी शिवायचे. एकदा नसरीन आजारी पडली म्हणून मॅडम तिच्या घरी गेल्या. रिक्षात बसल्यापासून त्यांची मनात तयारी चालली होती. अब्बा काय काय सबबी सांगतील, त्यांना काय काय उत्तर द्यायचं. उंबऱ्यात उभं राहून त्या म्हणाल्या, "पहिला चहा घरधन्याच्या हातचा." अब्बा भाबडेपणानं म्हणाले, "तो और किसके हात की पिएंगे? हमारे घर में चाय मैंच बनातुं. इसकी अम्मी बनाई तो मेरेकू दुकान पे नींद आती." आणि वेलची घालून असा चहा आणला की मॅडमनी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आणि कॅरमवर टेकून म्हणाल्या, "काल मी हरले. तुम्हाला पाहिलेलं सांगा म्हणते, आणि मी मात्र न पाहताच सगळं ठरवून गेले होते. लिहून ठेवा, मास्तरीण चुकली." नसरीन बाकावर बसून खुदखुदत होती.

आता माझी गोष्ट.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या भागातल्या विहिरींनी तळ गाठला. टँकर सुरू झाला. तो यायचा सकाळी साडेनऊ ते अकराच्या मध्ये, त्याच्या मर्जीनं. माझी बस पावणेदहाची. आई अंगणवाडीत मदतनीस, तिला नऊलाच जावं लागे. गिरणीला दुष्काळात दळण नव्हतं, आप्पा गिरणीच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे. पण टँकरवर आप्पा जातील हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. अहो, माझ्याही नाही आलं! स्त्री अभ्यास शिकत होते मी, बडीशेप मिळवलेली मुलगी, आणि हंडा घेऊन मुकाट्यानं रांगेत उभी राहत होते. आधी आठवड्यातून एखादा दिवस खाडा व्हायचा, मग एक दिवसाआड, आणि मग जाणंच बंद झालं.

हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हे मी घरी सांगितलं. आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ दे बाई. पाण्याची लईच मारामार हाये. पुढच्या साली बघू."

पुढच्या साली बघू! माझ्या चुलतबहिणीलाही असंच म्हणाले होते. ती आता कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन माहेरपणाला येते. मी रात्रभर कूस बदलत होते. कुणाशी भांडावं तेच कळत नव्हतं, आप्पांशी, टँकरशी की पावसाशी.

मॅडमना हे नसरीननं सांगितलं. आणि एका दुपारी, ऊन नुसतं तापत असताना, आमच्या गल्लीत काळी छत्री आली. छत्रीखाली खिसेवाल्या मॅडम. मागून चार पोरं आणि एक कुत्रं. आई नुकतीच अंगणवाडीतून आली होती. ती पदर सावरत पुढं झाली, "या बाई, बसा, चहा टाकते."

"नको," मॅडम म्हणाल्या. "पहिला चहा घरधन्याच्या हातचा."

आप्पांनी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं, मी जमिनीकडं. आप्पा हसले, त्यांना वाटलं चेष्टा आहे. मॅडम खुर्चीत मांड ठोकून बसल्या आणि गिरणीच्या जात्याचे दगड छिन्नीनं किती दिवसांनी टाकवून घेता, असं काहीतरी विचारू लागल्या. पाच मिनिटांनी आप्पांच्या ध्यानात आलं की ही बाई मस्करी करत नाही. पाहुणी दारात, ती पोरीची मास्तरीण, आणि बाहेर गल्ली गोळा झालेली. "आता आली का पंचाईत," असं पुटपुटत ते आत गेले.

आई मागोमाग निघाली तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसा हो. दिवसभर उभ्याच असता." आई खुर्चीच्या कडेवर टेकली. पाहुण्यांसमोर खुर्चीत बसायची तिची बहुतेक पहिलीच वेळ असावी.

आत भांडी आदळल्याचे आवाज येत होते. आप्पांना साखर सापडली, पत्ती सापडली, गॅस पेटला. मग आमच्या आप्पांनी समोरच्या निळ्या ड्रममधून तांब्याभर पाणी घेतलं आणि पातेल्यात ओतलं. मी दारातून बघत होते. माझं तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

दुष्काळातल्या घरात पाणी एक नसतं. ज्या बाईनं ते भरलंय तिला हे सांगावं लागत नाही. निळ्या ड्रममधलं बोअरचं, मचूळ, ते भांड्याला नि कपड्याला. टँकरचं, प्यायचं, ते दाराआड पांढरं फडकं बांधलेल्या हंड्यात. आप्पांना आयुष्यभर पाणी हातात पेल्यातूनच मिळालेलं. ते कुठून येतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

चहा आला. त्यात दूध फाटून वर पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या. आईनं पदर तोंडात कोंबला. मॅडमनी कप तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. वर म्हणाल्या, "आप्पा, शुक्रिया. आणखी एकदा करून बघा." एवढं बोलून छत्री उघडली आणि निघाल्या.

माझ्या कॉलेजबद्दल एक अक्षर नाही! मला इतका संताप आला म्हणून सांगू. एवढ्या उन्हात आली ही बाई, आणि फाटका चहा पिऊन गेली. आता संपलंच सगळं, असं म्हणून मी चहाचं पातेलं तसंच ठेवून बाकीची भांडी घासायला बसले.

संध्याकाळी आप्पांनी पातेल्यात उरलेला चहा कपात ओतून घेतला. एक घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकून आले.

"दूध नासकं होतं का गं?"

"दूध चांगलं होतं," आई म्हणाली. "पाणी वापरायचं घेतलंत. डरमातलं."

"मग प्यायचं कोणतं?"

आईनं हातातलं पीठ झटकलं. तिचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "इतकी वर्सं प्यालात, आन् कुठं आसतंय ते ठावं न्हाय व्हय? पोरगी कालिज बुडवून ते आणती. दाराआड बघा."

आप्पा उठले. दाराआड गेले. फडकं सोडून हंड्यात बघितलं. मग फडकं पुन्हा नीट बांधून ठेवलं.

सकाळी मी हंडा घ्यायला गेले तर हंडा जागेवर नव्हता. आप्पाही नव्हते. चौकात जाऊन बघते तर धोतर खोचून आमचे आप्पा बायांच्या रांगेत उभे, आणि रांगेत नुसता कालवा. झालं असं, की आमच्याकडं बाया आदल्या रात्रीच नंबर लावून जायच्या. कुणी फुटकी बादली ठेवायची, कुणी दगड, कुणी जुनी चप्पल. आप्पांना काय माहीत! ते पहाटेच गेले आणि वाटेतला कचरा म्हणून सगळं गोळा करून उकिरड्यावर टाकून आले. सगळ्या गल्लीचे नंबर गेले ना! बाया त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या.

"आप्पा, वहिनीला बरं न्हाय का?" कुणीतरी खिजवलं.

"ठणठणीत हाये," आप्पा गिरणीच्या आवाजात ओरडले. "पोरगी कालिजला निघालीय! तुमी आधी नंबर कसा लावायचा ते सांगा."

मी तशीच मागं वळले, केस बांधले आणि पावणेदहाची बस धरली. बसमध्ये मी हसत होते की रडत होते कोण जाणे. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "ताई, सुट्टे हायेत ना?"

वर्गात मॅडमनी फक्त डबी पुढं केली. तास संपल्यावर मी विचारलं, "मॅडम, पाणी चुकीचं घेतलंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"दाराआडचं पांढरं फडकं मला खुर्चीतून दिसत होतं," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर चहा बरा झाला असता. तू आज आली नसतीस."

"पण कॉलेजचं काहीच कसं बोलला नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? त्यांनी मान डोलावली असती. फजूल. पाहिल्याशिवाय माणसाला कळत नाही, आणि त्यांना कुणी पाहू दिलं नव्हतं. तुम्ही मायलेकींनीसुद्धा." मग पोटावर हात फिरवत म्हणाल्या, "मात्र रात्रभर पोटानं छळलं हं तुझ्या आप्पांच्या चहानं."

मी परीक्षेला बसले. पुढं शिकले. आता मीही एका कॉलेजात शिकवते आणि माझ्याही ब्लाउजला खिसा आहे, फक्त तो आतून आहे. मॅडमएवढी छाती माझी नाही.

मागच्या वर्षी मॅडम सोसायटीच्या टँकरवाल्याशी भांडायला तावातावानं जिना उतरत होत्या, त्यात पाय मोडला. बातमी कळली तशी आप्पांनी ज्वारीचं ताजं पीठ पिशवीत भरलं आणि म्हणाले, "चल, मी पण येतो." आम्ही चिकलठाण्याला गेलो. मॅडम पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, खिसा मात्र जागेवर. टँकरवाल्याला काय काय सुनावलं हे सांगताना त्यांना दम लागत होता, पण चेहरा कसा खुललेला.

"चहा घ्याल ना?" त्यांनी विचारलं, आणि मी उठले तशी डोळे वटारले. "तू बस."

आप्पा तोवर उठलेच होते. आता त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात. भिंतीला धरत ते स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळ एक ड्रम, खिडकीपाशी दोन स्टीलच्या टाक्या, कोपऱ्यात एक हंडा, शहर कितीही वाढलं तरी बायांच्या घरातली ही मांडामांड काही बदललेली नाही. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. आणि मग आतून गिरणीच्या आवाजात प्रश्न आला:

"मॅडम, यातलं प्यायचं कोणतं?"

मॅडमनी डोळे मिटले आणि उशीला डोकं टेकवलं. कानानं त्या अजून पक्क्या होत्या, पलीकडच्या गल्लीतला टँकर त्यांना ऐकू यायचा. तरी मला हळूच म्हणाल्या, "नीट ऐकू आलं नाही गं. परत विचारायला सांग."

मी आप्पांना हाक मारली. आप्पांनी परत विचारलं.